खुशालरावाची एन्ट्री

अकोट
९ जुलै २०२३

चंदे,

तुया फोन येऊन गेला म्हने. माह्या मोबाइलले घरात रेंज राहत नाई, अन् रस्त्यावर गेलो त गाड्यायचा कल्ला. म्हनून लिहूनच टाकतो.

मैना गेल्यापासून तू एकच गोष्ट इचारते, दादा, दिवसभर करतोस काय. आता सांगतो. गावात पोट्ट्यायनं नाटकाचं मंडळ काढलं. सरकी नाट्यमंडळ. मी ज्या कापसाच्या जिनिंगमंधी सारा जनम फिटर होतो, तिच्या बंद शेडमंधी तालमी चालतात. तिथी आदी सरकीचे ढीग राहत, म्हनून हे नाव. नितेश म्हनून एस.टी.त कंडक्टर हाय, तो बसवते. संघपाल कॉलेजात मराठी शिकवते. अन् सीमाबाई अंगणवाडीवर हाय, ते हिरोईन.

नितेश माह्याकडं आला. म्हनला, "काका, एक दार पायजे. उघडलं पायजे अन् लागलं पायजे." मी म्हनलं, बाप्पा, दाराले आनखी काय येते?

नाटक पुण्याच्या नवराबायकोचं होतं. 'पाचवा मजला'. आमच्या गावात पाचवा मजला कोनाच्या घराले हाय? सीमाबाईनं पंधरा दिवस पुण्याचं बोलनं घोकलं, अन् ऐन येळेवर म्हनली, "अहो, मी तुम्हाला किती वेळा सांगतलं!" सारा हॉल फुटला. समोरच्या रांगेतला एक बुढा उठून म्हनला म्हने, "पन हे लोक कायले भांडून राहिले?" मंग खरी मजा. नितेशले रागानं दार आपटून निघून जाचं होतं. रंग वला, त्यात हवा पावसाची, दार फुगलं. त्यानं वढलं, ढकललं, खांदा मारला. उघडेच ना. शेवटी तो दाराच्या बाजूनं, जिथी भिंतच नोती, तिथून निघून गेला. त्या रात्री टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच.

मी विंगेतून पाहून राहिलो होतो. दार माह्या हातचं, मले शरम वाटाले पायजे होती. पन मले हसू आलं. पोट दुखेपर्यंत आलं. किती महिन्यानं आलं असन, चंदे.

तुया,
खुशाल


अमरावती
२० जुलै २०२३

प्रिय दादा,

पत्र वाचता वाचता मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. भाजी खाली लागली. गोपालचा हैदराबादहून फोन आला तर त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामा लिहितात असं तर आजवर कधी बोलले का नाहीत?

पण तुझ्या मंडळाला एक सांग. मी शाळेतली सारी नोकरी पोरांच्या तोंडातलं 'सांगतलं' काढण्यात घालवली. ते निघत नाही. जे निघत नाही ते लपवून पुण्याची नाटकं करू नका म्हणावं, किंवा मग आधी माझ्याकडे शिकवणीला पाठवा.

जेवणाचं काय करतोस ते लिहिलं नाहीस. भाकरी थापतोस की डबा लावलास? वहिनीच्या हातची सवय असलेल्याला डबा जायचा नाही, हे मला कळतं, तरी पोटात काही तरी गेलं पाहिजे.

फोनचं राहू दे. मलाही पत्र लिहायला बरं वाटतं. दुपार जाते.

तुझी,
चंदा


अकोट
३ सप्टेंबर २०२३

चंदे,

तुया निरोप मी संघपालले देल्ला. तो म्हनला, "आत्याबाई बरोबर बोलतात, काका. आपन आपल्या बोलीतच करू." अन् त्यानं नवीन नाटक लिहून आनलं. नाव 'जेवून जा'.

एक बाप हाय, जिनिंगमधला फिटर. (माह्यावरून घेतलं काय म्हनून इचारलं त म्हनते, नाई, काका, सहज.) त्याच्या पोरीनं आपल्या मनानं लगन केलं. तवापासून तो तिच्यासंग बोलत नाई. पोरगी एक दिवस घरी येते. दिवसभर बोलते, भांडते, आंगन झाडते, मायच्या फोटोले हार घालते. बाप चूप. संध्याकायी ते इचारते, "बाबा, मी निघू?" तवा तो दोनच शब्द बोलते. "जेवून जा." पडदा.

बापाचं काम किसनराव दानेवाल्याले देल्लं होतं. त्यानं दोन तालमी केल्या अन् म्हनला, "मी माह्या पोरीसंग असा वागत नाई. लोक काय म्हनतीन?" गेला निघून. मी तिथी खुर्चीचा पाय ठोकून राहिलो होतो. साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी हातोडी खाली ठेवली. सीमाबाई म्हनली, "काका, तुमाले काईच कराचं नाई. फक्त बोलाचं नाई."

हे मले जमते.

आता रोज दुपारी सीमाबाई घरी येते. समोर बसून आपलं सारं बोलनं मले म्हनून दाखवते, कुठी मान हालवाची, कुठी उठाचं ते सांगते. तिचं समोरून बोलनं मले लवकर समजते. मोठ्या अक्षरात लिहूनही देल्लं. येताना डब्यात भाजी आनते, त जेवनाची फिकीर करू नको. परवा तिनं परसातलं गवतही काढून टाकलं.

तुया,
खुशाल


अमरावती
१२ सप्टेंबर २०२३

दादा,

पत्र मिळालं. नाटकाची गोष्ट चांगली आहे.

मी लहान आहे, तुला सांगायचा मला अधिकार नाही. तरी लिहिते. तुझ्या पत्रात ओळ सोडून सीमाबाई आहे. ती दुपारी येते, भाजी आणते, गवत काढते. तिच्या घरी कोण आहे? ती दुपारची एकट्या माणसाच्या घरी येते याबद्दल तिच्या घरचे काही म्हणत नाहीत का? गाव काय म्हणतं? तुझ्या लेकाला, अमोलला, हे ठाऊक आहे का?

वहिनीचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. तिच्या साड्या अजून कपाटात असतील. एकटेपणा मला सांगू नकोस दादा, मला तो तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. पण माणसानं जरा थांबावं.

रागावू नकोस. पण उत्तर दे.

चंदा


अकोट
३० सप्टेंबर २०२३

चंदे,

तुयं पत्र वाचून मी आदी हसलो. मंग कपाट उघडलं, मैनाच्या साड्या पाह्यल्या, अन् मंग हसू गेलं.

सीमाबाईचा नवरा पिठाची गिरनी चालवते. तिले दोन पोरी हायेत, मोठी बारावीत. भाजी नवराच पाठवते, मेथी असली त निवडून. ते मले काका म्हनते अन् हक्कानं रागावते. तू तिले पाह्यशीन तवा तुले तुहीच शरम वाटन. असो. बहीन हाय, इचारनारच.

पन एक गोष्ट तू बरोबर पकडली. तिच्यासंग मले बरं वाटते. मैना कशी माह्या डाव्या बाजूले उभी राहून, कोन काय बोल्लं ते मले परत सांगे, तुले आठवते? तसं आता घरात कोनी नाई. माणसं येतात, व्हट हालवतात अन् जातात. हे बाई समोर बसून बोलते. बस, तेवढंच.

आता आनंदाचं आयक. रविवारी अकोटात प्रयोग झाला. पहिल्या नाटकाले आले होते त्याच्या दुप्पट लोक. लोकाईले वाटलं, परत दार अडकन. दार नाई अडकलं. पहिल्या पाच मिंटात बाया आपसात बोलाले लागल्या, "हे त आपल्यावानीच बोलून राहिले." मंग त्या चूप झाल्या. मी स्टेजवर बसून त्यायचे चेहरे पाहून राहिलो होतो, मले दुसरं कामच काय? अन् मी "जेवून जा" म्हनलं तवा समोरच्या बाईनं पदर तोंडाले लावला. तिच्या बाजूचा तिचा नवरा वर पंख्याकडं पाहाले लागला.

दसऱ्यानंतर अकोल्याले प्रयोग हाय. मोठा हॉल. नितेशनं आपल्याच बसची तिकिटं काढली.

तुया,
खुशाल


अकोट
५ नोव्हेंबर २०२३

चंदे,

अकोल्याचा प्रयोग बरा झाला. गर्दी होती.

मी आता मंडळ सोडून देल्लं. गुडघे दुखतात, अन् वयही झालं. त्यायले दुसरा बाप मियेन.

दिवाळीले अमोल येतो म्हने. तू काई बनवत बसू नको.

खुशाल


अमरावती
११ नोव्हेंबर २०२३

दादा,

उद्या लक्ष्मीपूजन. चकल्या तळायच्या होत्या, पण तुझं चार ओळींचं पत्र ओट्यावर ठेवलंय आणि हात चालत नाही.

तुझे गुडघे दुखत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात तू आमच्या गच्चीवर टाकी बसवायला दोन मजले चढलास.

दादा, तुला ऐकू येत नाही. मले माहीत आहे.

वहिनीच्या दहाव्याला सगळे अंगणात होते. तू ओट्याजवळ उभा होतास आणि मी मागून म्हणाले, "दादा, दूध उतू चाललं." तू हलला नाहीस. मी परत म्हणाले. दूध शेगडीवर सांडलं, जळका वास आला, तेव्हा तू वळलास. मला बघून असा दचकलास की मी काही बोललेच नाही. मग दिवसभर मी तुला पाहत राहिले. तू लोकांच्या तोंडाकडे बघून मान हलवत होतास. कुणी विचारलं, "केव्हा गेल्या?" तर तू म्हणालास, "हो, जेवूनच जा."

वहिनी होती तोवर आम्हाला कुणालाच कळलं नाही. ती सगळं दुसऱ्यांदा बोलायची आणि आम्ही म्हणायचो, हिला बोलायचीच हौस आहे. मी तर एकदा तिच्या तोंडावर म्हणाले होते. ती हसली नुसती. तुझं नाव सांगितलं नाही.

तू रेंजचं कारण काढलंस तेव्हा मी ते धरून ठेवलं. मला दुपार घालवायला पत्रं लागत नाहीत. सत्संग आहे, भिशी आहे, टीव्ही आहे. मी लिहिते कारण पत्रात तुला माझं सगळं कळतं.

आता खरं लिही. अकोल्यात काय झालं?

तुझी,
चंदा


अकोट
२८ नोव्हेंबर २०२३

चंदे,

तुयं पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. लाज वाटली, अन् मंग हलकंही वाटलं. मैनाले मीच सांगतलं होतं, कोनाले बोलू नको. जिनिंगच्या मशिनीत सारा जनम गेला, कान तिथीच राहिले. पन बह्यरा म्हनलं की मानसाले लोक येडा समजतात. मोठ्यानं बोलतात, पोट्ट्यासंग बोलल्यावानी.

अकोल्याचं स्टेज मोठं. दार उलट बाजूले लागलं, माह्या पाठीमागं. तालमीत सीमाबाई समोरून येत होती, तिचे व्हट पाहून मी बोलत होतो. तिथी ते मागून आली. "बाबा, मी निघू?" म्हनली. मी बसलो. तिनं परत म्हनलं. मी बसलोच. मले वाटलं, बाई आज दमानं घेऊन राहिली. मंग समोरचे लोक माह्या पाठीमागं पाहून राहिले दिसले, काही पोट्टे तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारून राहिले होते. मी वळलो त सीमाबाई दारात उभी, खरोखरच रडून राहिली. नितेशनं पडदा पाडला. माह्ये दोन शब्द राहूनच गेले.

परत येताना बसमंधी मले कोनी काई म्हनलं नाई. संघपालनं आपली खिडकीची जागा देल्ली. रागावले असते त बरं झालं असतं.

तुयं पत्र आल्यावर मी स्वतःच सीमाबाईच्या घरी गेलो. गिरनीच्या आवाजात मी तिले मोठ्यानं सांगतलं, "मले आयकू येत नाई." तिच्या नवऱ्यानं गिरनी बंद केली. ते म्हनली, "काका, आमाले वाटलं तुमी विसरले. आमी रात्रभर बोललो का काकायले आता गोष्टी ध्यानात राहत नाई, घरी एकटे कसे राहतीन. आयकू येत नाई एवढंच हाय काय?" अन् हसली. मंग डोये पुसले.

नितेशनं सारं नाटक परत बसवलं. दार आता माह्या समोर. जे कोनी बोलते ते माह्या डोयापुढं येऊन बोलते.

जानेवारीत तुह्या अमरावतीले स्पर्धा हाय. तू येऊ नको. परत तसं झालं त मले तुह्यापुढं नको.

ये. नितेशनं पास ठेवला तुह्या नावानं.

खुशाल


अमरावती
२२ जानेवारी २०२४

दादा,

काल रंगपटात तुला धड भेटताही आलं नाही. तू दाढीचा रंग पुसत होतास, नितेश सामान गाडीत घाला म्हणत होता. मी तुझा हात धरला, तू "पाह्यलं काय?" विचारलंस आणि मला हो म्हणण्यापलीकडे काही सुचलं नाही. म्हणून आता लिहिते. तुला स्टेजवरून दिसलं नसेल ते.

मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी एक अनोळखी बाई, राजापेठेतली, मुलीला घेऊन आलेली. नाटक सुरू झालं आणि मी नाटक पाहिलंच नाही, तुझे डोळे पाहत राहिले. सीमा जिकडे जाईल तिकडे ते जात होते. बघणाऱ्याला वाटावं, या बापाचा सगळा जीव पोरीत आहे आणि हा हट्टानं बोलत नाही. शेजारची बाई म्हणालीसुद्धा, "किती ताठ आहे मेला."

मग शेवटी ती दारात गेली आणि तिच्यावरचा दिवा गेला. दोनदा लुकलुकला आणि गेला. तुझ्यावर उजेड, दारात पूर्ण अंधार. तिचा आवाज आला, "बाबा, मी निघू?" मला आला, सगळ्यांना आला. तू त्या अंधाराकडे बघत बसलास. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता तिथूनच उठून ओरडावं असं वाटलं, पण ओरडून उपयोग काय, तुला ते तरी कुठं ऐकू येणार होतं!

आणि तू बोललास. शांतपणे, आपल्या घरात बोलावं तसा.

"मले दिसून नाई राहिलं, बाई. मले आयकू येत नाई. किती वर्षं झाली, येत नाई. इकडं ये. इकडं तोंड करून बोल."

दादा, हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. सीमा अंधारातून चालत आली. तुझ्या पुढ्यात खाली बसली, तोंड वर केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, मी निघू?" आणि तू तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "जेवून जा."

तालमीत तो हात नव्हता, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

पडदा पडला. शेजारची बाई रडत होती. मुलीला म्हणाली, "अगं, तो अबोला धरून बसलाच नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि ती बिचारी इतकी वर्षं बापाला कठोर समजत राहिली." मी त्या बाईला सांगितलं नाही की तू माझा भाऊ आहेस.

सीमाची मी दारात माफी मागितली. कशाबद्दल ते तिला कळलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेऊन ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. वहिनीसारखी डाव्या बाजूनं.

तुझी,
चंदा


अकोट
१८ फेब्रुवारी २०२४

चंदे,

निकाल लागला. आपल्याले काई नाई. परीक्षकायनं शेरा लिहिला का शेवटी संहितेबाहेरचं बोलनं आलं. संघपालनं तो शेरा वाचला, पेन काढला, अन् ते बोलनं संहितेत लिहून टाकलं. म्हनला, "घ्या, आता संहितेतच हाय." दर्यापूरले अन् अंजनगावले प्रयोग ठरले. दिवा आता मुद्दाम घालवतात.

गावात मात्र गंमत झाली. अमरावतीची गोष्ट नितेशनं बसमंधी तिकिटं फाडता फाडता साऱ्या रूटवर सांगतली. आता मी चहाच्या टपरीवर गेलो का लोक गप्पा थांबवून माह्याकडं तोंड करतात, मंग बोलतात. न्हावी आरशातून बोलत होता, तो आता वस्तरा थांबवून समोर येते. किसनराव परवा रस्ता ओलांडून आला, माह्यापुढं उभा राहिला, अन् म्हनला, "खुशालराव, ते काम माह्या हातून झालंच नसतं." मले सारं दिसलं.

मागच्या सोमवारी सीमाबाई अन् तिचा नवरा मले अकोल्याले कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. अमोलही नागपूरहून आला. मशीन बसवलं. पह्यले दोन दिवस मले ते काढून फेकाची इच्छा झाली. भांडे वाजतात, दार वाजते, स्वतःची चप्पल वाजते. आपलं घर इतकं बोलते हे मले माहीतच नोतं. मैना कशी राहत असन या आवाजात, अन् परत माह्यासंग मोठ्यानं बोलत!

आता जे सांगाले बसलो ते. काल संध्याकायी तुले जो फोन आला अन् कोनी बोल्लं नाई, तो माह्या होता. तू "हॅलो" म्हनली. मले वाटलं, राँग नंबर लागला. कोनी म्हातारी बाई बोलून राहिली. मंग तू म्हनली, "दादा? दादा आहेस का?" अन् माह्या हातातून फोन सुटला.

चंदे, माह्या कानात तुया आवाज अजून लय वर्षांआदीचा होता. पोट्टे शाळेत हाकलनाऱ्या मास्तरनीचा, खणखणीत. त्यानंतर मी तुले पाह्यतच आलो, आयकलंच नाई. हा आवाज वेगळा हाय. जरासा कापते. आपल्या मायवानी हाय, ते शेवटी शेवटी बोले तसा. तू म्हातारी झाली हे मले दिसत होतं, पन मले ते आयकू आलं नोतं.

पत्र गुरुवारपर्यंत तुह्या हातात पडन. गुरुवारी संध्याकायी मी परत फोन लावतो. तू आपली बोलत राह्यजो, काई बी, भाजीचं, भिशीचं, गोपालचं. मी घडीभर काईच बोलनार नाई. मी हाय तिथी. आयकून राहिलो.

तुया,
खुशाल